सोळा बरण्यांची थंडी

साहेब, बनाबाईची गुरं तुम्ही मारलीत, आणि त्यासाठी तुम्हाला खुर्चीवरून उठावंसुद्धा लागलं नाही. खोडून बदललेल्या एका आकड्याखाली सही केलीत, तेवढ्यानं काम झालं. तुमच्या चौकशीच्या कागदात म्हटलंय की गुरं बुळकांड्याच्या साथीनं मेली. बुळकांड्या दर चार-पाच वर्षांनी येतोच. त्याच्याकडून जबाब कोण घेणार? मी सही करणाऱ्याकडून मागतोय.

मी कोण ते आधीच सांगतो, म्हणजे शोधायला शिपाई पाठवायला नको. मी कुंडलिक, विंझरच्या गुरांच्या दवाखान्यातला इंजीनवाला. शाळा मराठी तिसरीपर्यंत. पुढचं शिक्षण भाटघरला, धरणाच्या कामावरच्या कारखान्यात. तिथल्या एका म्हाताऱ्या फिटरनं मला इंजीन, डायनामो आणि बॅटरी शिकवली. पुस्तकं मी नंतर पुण्याच्या जुन्या बाजारातून आणून वाचली. फिटरचं एकही वाक्य त्यांनी खोटं पाडलं नाही.

विंझरला तुम्ही काय पाठवलंत, ते तुम्ही कदाचित विसरला असाल. एक पांढरं थंड कपाट. बुळकांड्याची लस त्यात ठेवायची. लस गार असेतो जिवंत. उन्हाळ्यात बाहेर राहिली तर चार-सहा तास तग धरते, दिवस गेला की मेली. बाटली तशीच दिसते, आत नुसतं पाणी. कपाट विजेवर चालतं, आणि वीज पुण्यात. म्हणून कपाटाच्या जोडीला एक घासलेटवर चालणारं लहान इंजीन, त्याला डायनामो, आणि काचेच्या सोळा बरण्या. बरणीत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाबाचं पाणी. ह्या सोळा मिळून बॅटरी. इंजीन चालतं तोवर बरण्या भरतात, इंजीन थांबलं की कपाट बरण्यांवर जगतं.

न कळायला यात काही नाही. बरण्या म्हणजे घरातला रांजण आणि इंजीन म्हणजे पाणी आणणारी बाई. रांजण मोठा असला तर बाई दोन दिवस आजारी पडली तरी घर तहानेनं मरत नाही. रांजण लहान असला तर बाईला खेपा जास्त. आणि रांजण तळापर्यंत उपसायचा नाही, बरणी अर्ध्याखाली उतरली की आतल्या पट्ट्यांवर पांढरं चढतं आणि पुढच्या वेळी ती निम्मीच भरते. एवढं कळलं की किती बरण्या आणि किती तेल हे कुणीही सांगेल. फक्त एक गोष्ट खरी माहीत पाहिजे: थंडी किती दिवस लागणार. ते गुरांच्या संख्येवर. डॉक्टर दिवसाला दीडशे गुरं टोचू शकतो. तीनशे गुरं असली तर दोन दिवसांचं काम, बाराशे असली तर आठ.

ही संख्या काढायला तुम्ही कार्तिकात तुमचा मोजणीसाहेब पाठवलात.

तो येणार हे आम्हाला दोन दिवस आधी कळलं होतं. गुरांनाही कळलं असावं, कारण तो आला त्या सकाळी विंझरच्या शिवारात शेपूट दिसत नव्हतं. सगळी ओढ्याच्या पलीकडं, रानात. आमच्याकडं कचेरीनं आजवर जे जे मोजलं, त्यावर पट्टी बसली. गुरं मोजली की चराई. लस, कपाट, बॅटरी असलं काही कचेरी देते, हे कुणाच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. आबा पाटलांनी चावडीत उभं राहून सगळ्यांना समजावलं, "ही मोजणी आपल्या भल्यासाठी हाय." त्यांनी ते ज्या आवाजात सांगितलं, त्यावरून प्रत्येकानं आणखी एक गुरू कमी केलं.

"नाव?" मोजणीसाहेबानं विचारलं.

"रखमाजी."

"गुरं किती?"

रखमाजीनं आधी आढ्याकडं बघितलं, मग आबांकडं. "दोन."

"दोनच?"

"दोन बी कसली साहेब, दीड म्हना. एक लंगडतंय."

तेवढ्यात ओढ्यापलीकडून त्याचा ढवळा बैल हंबरला. त्या बैलाचा आवाज पंचक्रोशीत कुणीही ओळखेल.

"तो कुणाचा?"

"त्यो व्हय? पाव्हन्याचा असंल."

रखमाजीची सहा गुरं. दोन लिहिली गेली. त्याच्या मागच्यानं चारांची दोन केली, त्याच्या मागच्यानं आठांची चार. आबांनी स्वतःची किती सांगितली ते मी लिहीत नाही. ते अजून पाटील आहेत. दुपारपर्यंत आसपासच्या सगळ्या वाड्या-वस्त्यांची मिळून सहाशे वीस गुरं झाली. खरी बाराशेच्या वर होती.

शेवटी बनाबाई आली. माथ्यावरच्या वस्तीवरची, धनगराची विधवा. खाली उतरायला तिला दोन तास लागतात. पुकारा झाला म्हणून आली होती, नाव लिहायचं म्हणून लुगडं धुतलेलं.

"गुरं किती?"

"तांबू," बनाबाई म्हणाली, "मोरी, काजळी, दोन्ही भुऱ्या, पवळी..."

"बाई, नावं नकोत. आकडा."

"आकडा मला विसापातुर येतो, साहेब. त्याच्या म्होरं नावंच."

चावडी हसली. रखमाजी मागून म्हणाला, "आगं बनाक्का, धा म्हन की सरळ. कशाला साहेबाचा येळ घेती?"

"आन बाकीच्यास्नी काय सांगू? तुमी माज्या घरात न्हाई म्हनून?" ती मागं न बघताच बोलली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, वासरांसकट. मोजणीसाहेबानं कंटाळून बोटांवर मोजलं आणि तेवीस लिहिलं. सबंध दिवसात त्या वहीत पडलेला तो एकच खरा आकडा.

आता माझं सांगतो. दुसऱ्यांची लबाडी सांगायची आणि आपली गिळायची, हे कचेरीत चालत असेल.

साहेबानं मला विचारलं, "इंजीन रोज किती तास चालवावं लागेल?"

मला पक्कं माहीत होतं. पौषात दोन तास खूप झाले. चैत्रात कपाट दिवसभर धापा टाकतं, तेव्हा पाच तास हवेत. पण इंजीनवाला म्हटला की तेलचोर, हे लोक धरूनच चालतात. भाटघरला असताना माझ्या ओळखीच्या दोघांना नुसत्या संशयावर काढलं होतं. जास्त तास सांगितले की विकायला तेल मागतो म्हणतील. मी म्हणालो, "दोन."

तुमचा साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. संध्याकाळी चहा घेता घेता त्यानं मला प्रेमानं समजावलं. "कुंडलिक, मी पंधरा वर्षं पुराच्या आणि दुष्काळाच्या नुकसानीचे पंचनामे केलेत. खेडूत माणूस नेहमी दुप्पट सांगतो. चार पोती भिजली तर आठ. म्हणून आपण काय करायचं? सगळं निम्मं करायचं. निम्मं केलं की बरोबर खरं निघतं."

आणि माझ्यासमोर, त्याच चहाच्या कपाशेजारी वही ठेवून, त्यानं सगळं निम्मं केलं. सहाशे वीसची तीनशे दहा. रखमाजीच्या दोनाचं एक. माझ्या दोन तासांचा एक तास. बनाबाईच्या तेवीसचे साडेअकरा होत होते, अर्धं गुरू लिहिता येईना, म्हणून अकरा.

मी तेव्हा त्याला म्हणायला पाहिजे होतं: साहेब, आमची माणसं दुप्पट सांगतात ती तुम्ही द्यायला आलात तर. घ्यायला आलात की निम्मं सांगतात. आज ती समजली की तुम्ही घ्यायला आलात. एवढी तीन वाक्यं. पण ती बोललो असतो तर चौथं वाक्य माझ्या दोन तासांचं आलं असतं. मी कप उचलले आणि विसळायला घेऊन गेलो.

वही तुमच्याकडं आली. तुमच्याकडं बरण्यांचं टेबल वेगळं, तेलाचं वेगळं. दोन्ही टेबलांची पत्रं माझ्याकडं आहेत. बरण्यांच्या टेबलानं लिहिलं: "काम दोन दिवसांचे असून जोडीला इंजीन आहे, सबब बरण्यांचा संच एकच मंजूर." तेलाच्या टेबलानं लिहिलं: "इंजीन फक्त अडीअडचणीस असून कपाट बरण्यांवर चालते, सबब घासलेट महिना एक डबा." रांजण लहान केला कारण पाणी आणणारी बाई आहे, आणि बाईला घागर दिली नाही कारण घरात रांजण आहे. दोन्ही कागदांवर खाली सही एकच. ती कुणाची, ते तुम्ही ओळखाल.

माझा हिशेब सोपा होता. चैत्रात कपाट एका दिवसात सोळा बरण्या अर्ध्यावर आणतं. इंजीन बिघडलं तर पुण्याहून सामान यायला तीन दिवस. म्हणजे तीन दिवसांची थंडी साठवायची तर अशा तीन ओळी, अठ्ठेचाळीस बरण्या. आणि रोज पाच तासांचं तेल. हा हिशेब मी कागदावर मांडला होता. तो कागद ट्रंकेत होता. मोजणीसाहेब चहा पीत होता तेव्हाही ट्रंकेतच होता.

पौषात कपाट आलं. आबांनी नारळ फोडला, बायकांनी सोळाच्या सोळा बरण्यांना हळदकुंकू लावलं. थंडीच्या दिवसांत कपाट इतकं थोडं चाले की इंजीन रोज तासभर लावलं तरी भागे. तुमचा साहेब ते बघून गेला आणि त्यानं शेरा दिला: यंत्रणा समाधानकारक.

चैत्रात भोंगवलीकडून खरेदी केलेल्या बैलजोडीबरोबर बुळकांड्या आला. आठ दिवसांत पाणवठ्याच्या आसपासची चाळीस गुरं गेली. ढोरडॉक्टर घोड्यावरून आला. त्यानं वही बघितली नाही, गुरं बघितली, आणि थेट वरती तार केली: बाराशे गुरांची लस पाठवा. लसीचं टेबल तुमच्याकडं नाही हे आमचं नशीब. तिसऱ्या दिवशी भुश्यात आणि बर्फात गुंडाळून बाराशे गुरांची लस विंझरात हजर.

तेव्हा विंझरात चमत्कार झाला. गुरं जमिनीतून उगवली. रखमाजी दीड गुराऐवजी सहा गुरं घेऊन रांगेत.

"काय रे," मी म्हणालो, "पाव्हना बैल सोडून गेला वाटतं?"

"चेष्टा नको, कुंडलिक. टोचून घ्यायला सांग आदी."

डॉक्टरनं ठरवलं की जवळची गावं आधी, माथ्यावरची वस्ती शेवटी, आठव्या दिवशी. बनाबाई पहिल्याच दिवशी खाली आली होती, एकटी, गुरं वर ठेवून.

"तुझी गुरं अजून धडधाकट आहेत," डॉक्टर तिला म्हणाला. "खाली आणलीस तर वाटेतच रोग घेतील. वरच ठेव. मी आठव्या दिवशी येतो."

"वर झऱ्याला पानी आठ दिस पुरंल का नाय, तेच बघायचं," बनाबाई म्हणाली. "लई बारीक झालाय."

"पुरव. टोचल्याबिगर खालच्या पाणवठ्यावर एक गुरू उतरवू नकोस."

"न्हाई उतरवत." मग ती माझ्याकडं वळली. "कुंडलिकदादा, तुजं कपाट ऱ्हाईल न्हवं गार आठ दिस?"

मी म्हणालो, "राहील." एक महिन्याचा डबा होता, रोज पाच तास इंजीन चालवलं तर पाच दिवस पुरणारा. मी आठ म्हणालो. या वेळी मी जास्त सांगितलं, हे तुमच्या साहेबाला कळवा, त्याला बरं वाटेल.

चौथ्या दिवशी मी माणूस पाठवून तेल मागितलं. पाचव्या दिवशी तुमचं उत्तर आलं. ते मला पाठ आहे: "नोंदीप्रमाणे गुरे तीनशे दहा. लसीकरण दोन दिवसांत पूर्ण झालेले असले पाहिजे. पाचव्या दिवशी घासलेट कशासाठी हवे, याचा खुलासा करावा. तपासणीस अधिकारी येत आहेत."

मी ते पत्र रांगेपुढं वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. रखमाजी निघून गेला आणि तासाभरानं बाटली घेऊन आला. घरातल्या चिमणीचं घासलेट.

"पुरंल का?"

"एवढ्यात इंजीन नुसतं खोकेल."

"मग थांब." तो घरोघर फिरला. संध्याकाळपर्यंत एकतीस बाटल्या आल्या. एका म्हातारीनं चिमणीच काढून दिली, म्हणाली ओतून घे. त्या तेलावर मी पाचवी रात्र आणि सहाव्याची सकाळ काढली. गाव आपल्या घरात अंधार करून माझं कपाट गार ठेवत होतं. गावाला एवढी चांगली अक्कल कधी येईल असं मला वाटलं नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी तुमचा तपासणीस आला. तोच तो, मोजणीसाहेब. त्यानं रांग बघितली, गुरं बघितली, आणि खरोखर अचंबित झाला.

"ही एवढी गुरं कुठून आली?"

"हितलीच हायती," आबा म्हणाले.

"नोंदीत तीनशे दहा आहेत. आजवर सातशेच्या वर टोचून झाली, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे खोटी माहिती दिलीत? ठीक आहे. पुन्हा नोंद करू." त्यानं टेबल बाहेर मांडायला लावलं आणि वही उघडली. "आणि बाटल्या कुणी कुणी दिल्या तेही लिहू. सरकार तेवढं तेल परत करील. तुझं नाव रखमाजी ना? किती बाटल्या दिल्यास?"

"म्या न्हाई दिली."

"तुझ्या हातात बाटली आहे."

"ही रिकामी हाय साहेब. न्यायला आलो हुतो."

ती भरलेली होती. वर चिंधीचा बोळा होता आणि घासलेटचा वास माझ्यापर्यंत येत होता. तो बाटली घेऊन घरी गेला. जाताना सहा गुरांतली चार टोचायची राहिली होती, तीही हाकून नेली. वही उघडल्यापासून तासाभरात रांग सरळ ओढ्यात उतरली. साडेचारशे गुरं टोचायची शिल्लक, लस कपाटात, आणि अंगणात मी, डॉक्टर, वही आणि साहेब.

डॉक्टर चिडला. "साहेब, ती वही मिटा. पाया पडतो."

"नियमाप्रमाणे चाललंय," साहेब म्हणाला.

डॉक्टर तसाच घोड्यावर बसला. पानशेतकडच्या वाड्यांतून आजारी गुरांचा निरोप आला होता. आठव्याला पहाटे परत येतो आणि तसाच माथ्यावर जातो, असं मला सांगून गेला.

साहेब दवाखान्यातच उतरला. वैशाखासारखं ऊन होतं. त्यानं आपल्या ट्रंकेतून टेबलावरचा पंखा काढला, विजेचा, खास ह्याच बॅटरीसाठी पुण्याहून आणलेला. "हा लाव जरा," म्हणाला. मी लावला. मी म्हणू शकलो असतो की साहेब, बरण्या अर्ध्याखाली आल्यात, तेल नाही, हा पंखा कपाटाच्या तोंडचा घास काढतोय. मी लावला. दिवेलागणीला पंखा मंदावला, मग थांबला, आणि त्याच्याबरोबर कपाटाची घरघर थांबली.

"बॅटरी फारच लहान दिसतेय," साहेब म्हणाला. "कुणी मंजूर केली?"

साहेब, त्याला खरंच आठवत नव्हतं.

सातवा दिवस सगळा मी कपाटाला ओली पोती गुंडाळत काढला. बाटल्या मागायला आठ घरं फिरलो. आठही घरांत सांगितलं की आमच्याकडं चिमणीच नाही.

आठव्या दिवशी पहाटे डॉक्टर आला. कपाट उघडून आत हात घातला. ओल्या पोत्यांमुळं आत गरम नव्हतं, गारही नव्हतं.

"कधी बंद पडलं?" त्यानं विचारलं.

साहेब दाढी करत बसला होता, आरसा माझ्या दिशेला. पंखा टेबलावरच होता. मी म्हणालो, "आज पहाटं. दोन तास झाले असतील."

सहाव्या दिवसाची संध्याकाळ ते आठव्याची पहाट, हे छत्तीस तास होतात. मी दोन सांगितले. आयुष्यभर कचेरीला उत्तरं देता देता तोंडाला जी सवय लागली, ती माझ्या माणसापुढंही सुटली नाही. डॉक्टरनं बाटल्या पिशवीत टाकल्या, म्हणाला, "दोन तासांना काही होत नाही," आणि आम्ही दोघं माथा चढलो.

बनाबाई गुरं बांधून वाटच बघत होती. झरा आटला होता. आठ दिवस तिनं गुरांना घागरीनं पाणी पाजलं होतं, डोक्यावरून आणून, पण खाली उतरवली नव्हती. डॉक्टरनं तेवीसही टोचली. प्रत्येकाला टोचताना तिनं नाव घेऊन पाठीवर हात ठेवला.

"आता उतरवू का पाण्यावर?" तिनं विचारलं.

"आठ दिवस थांबता आलं तर बघ," डॉक्टर म्हणाला.

"पानीच न्हाई."

डॉक्टरनं झऱ्याकडं बघितलं, गुरांच्या सुटलेल्या बरगड्यांकडं बघितलं. "उतरव मग. लवकर लागू पडेल, गुरं ताकदीची आहेत."

मी तिथं उभा होतो. तोंड उघडायला जागा होती, वेळ होता, साहेबही नव्हता. मी बोललो नाही. उतरताना वाटेत डॉक्टर म्हणाला, "कुंडलिक, तू ते कपाट जीव लावून सांभाळलंस." मी व्हय म्हणालो.

पंधरा दिवसांत तिची चौदा गुरं गेली. नऊ वाचली ती त्यांच्या नशिबानं. लसीचा त्यात काही वाटा नव्हता. शेवटचं गुरू पुरलं त्या दिवशी मी वर गेलो आणि तिला छत्तीस तासांचं सांगितलं. डॉक्टरलाही कळवलं. तिनं आधी उरलेल्या नवांपुढं पाणी ठेवलं. मग म्हणाली, "दादा, तू मला खरं बोलला असतास तर म्या आनखी आठ दिस घागरी व्हायल्या असत्या." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला हे लिहावं लागलं नसतं.

आता तुमचा चौकशीचा कागद. आषाढात आला. त्यात बनाबाईच्या नावापुढं तुमच्या वहीतली अकरा गुरं आहेत, कारण सहाव्या दिवशी पुन्हा नोंद करायला साहेबापुढं कुणी थांबलंच नाही आणि माथा चढायची त्याची तयारी नव्हती. त्याच ओळीत पुढं, डॉक्टरच्या दाखल्यावरून, मेलेली गुरं चौदा. अकरातली चौदा मेली. हा कागद तीन टेबलांवरून गेला, तीन सह्या झाल्या, एकानंही पेन थांबवलं नाही. उलट खाली शेरा आहे की लस टोचूनही मरणाचं प्रमाण जास्त, सबब लसीची उपयुक्तता तपासावी.

आणि त्या कागदाला टाचलेला एक कोरा तक्ता. पुढच्या चैत्रासाठी बरण्यांची संख्या आणि तेलाचं प्रमाण नव्यानं ठरवायचं आहे, सबब गुरांची अचूक संख्या इंजीनवाल्यानं भरून पाठवावी. अचूक हा शब्द तुम्ही खाली रेघ मारून लिहिलाय.

मी तक्ता घेऊन चावडीत बसलो. ह्या वेळी आबांनी भाषण केलं नाही. लोकांनी खरे आकडे सांगितले. मेलेल्यांची नावंसुद्धा सांगायला लागले, ती नको म्हणालो. शेवटी रखमाजी म्हणाला, "कुंडलिक, हे सगळं दुप्पट करून लिव. त्ये निम्मं करत्यात. मग बरोबर खरं ऱ्हाईल." आणि सगळी चावडी म्हणाली, बराबर हाय.

बनाबाई तेवढी नाही म्हणाली. "नऊ हायती, नऊच लिव. नसल्याली नऊ म्या कुठनं दाखवू?"

साहेब, मला कामावरून काढायचं तर काढा. छत्तीस तासांचे दोन केले, त्याची शिक्षा मला पाहिजेच आहे, आणि ती लेखी पाहिजे. कपाट जिवंत ठेवायला अठ्ठेचाळीस बरण्या आणि रोज पाच तासांचं तेल लागतं. हा आकडा दुप्पट केलेला नाही, निम्माही केलेला नाही, आणि त्याचा कागद ह्या पत्राला जोडला आहे. बाकी तक्ता भरून तयार आहे, एक रकाना सोडून. बनाबाईच्या गोठ्यात नऊ गुरं आहेत. तुमच्या कागदाप्रमाणे अकरातली चौदा गेल्यावर तिच्याकडं तीन गुरं उणी उरतात. नऊ लिहिली तर तुम्ही चार कराल. अठरा लिहिली तर ती बाई खोटी पडेल, आणि तुमच्या वहीत खरं बोललेलं ते एकच माणूस आहे.

तक्ता पंधरा तारखेच्या आत मागितलात. तिच्या नावापुढं मी काय लिहू, ते तुमच्या सहीनं कळवा.